वेळेवर पोचलेल्या पेशी

शरीरात कुठेही मोठी जखम झाली की भरून आल्यावर ती काहीतरी खूण मागे ठेवते. कातडीवर वण राहतो. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी निबर ऊती बसते, ती पुन्हा कधी आकुंचन पावत नाही. यकृत वारंवार दुखावलं तर तंतूंनी भरून जातं. हाड मात्र मोडलं तर पुन्हा हाडच होतं. लहान मुलाचा मोडलेला हात नीट जुळून आला असेल, तर काही वर्षांनी काढलेल्या एक्स-रेवरून मोड नेमका कुठे होता हे बऱ्याचदा अस्थितज्ज्ञालाही सांगता येत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. हा भाग दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी तिथे क्षणभर थांबते, कारण याहून मोठं आश्चर्य मला माझ्या विषयात फारसं कुठे दिसलेलं नाही.

मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं. त्या गाठीत दाहाच्या पेशी जमतात आणि त्यांच्यामागोमाग हाडाच्या बाहेरच्या पातळ आवरणातून आणि आतल्या मज्जेतून मूळपेशी, म्हणजे हाड, कूर्चा, चरबी यांपैकी कशाच्याही पेशी होऊ शकणाऱ्या पेशी, येतात. मधोमध रक्तपुरवठा तुटलेला असतो, प्राणवायू कमी असतो. तिथे या पेशी सरळ हाड घडवत नाहीत, आधी कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊती, घडवतात. दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकं धरून ठेवणारी मऊसर गाठ तयार होते. मग त्या कूर्चेत रक्तवाहिन्या शिरतात, कूर्चा हटते आणि तिच्या जागी ओबडधोबड हाड येतं. पुढे कितीतरी महिने काही पेशी जादा हाड खरवडत राहतात आणि काही पेशी, ज्या दिशेनं भार पडतो त्या दिशेनं, नवं रचत राहतात. आईच्या पोटात पायाचं हाड पहिल्यांदा तयार झालं तेव्हा जे घडलं होतं, तेच जवळजवळ त्याच क्रमानं चाळिशीतल्या माणसाच्या नडगीत पुन्हा घडतं. गावोगावच्या हाडवैद्यांनी बांबूच्या कामट्या बांधून, कांडवेलीचा लेप लावून याच शक्तीवर विसंबून माणसं उभी केली. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे 12 आणि सांधा निखळण्याचे 6 प्रकार सांगितले आहेत, आणि उपचाराचा गाभा आजच्यासारखाच आहे: ओढून जागेवर आणा, बांधा, हलू देऊ नका. बाकीचं काम शरीर करतं.

आणि या हाडाच्या टोकावर, सांध्यात, दोन ते चार मिलिमीटर जाडीचा जो गुळगुळीत पांढरा थर असतो, त्या कूर्चेची गोष्ट बरोबर उलटी. तिच्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. पेशीही अगदी विरळ, तिच्या आकारमानाच्या एक-दोन टक्के. जे खाणं मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून झिरपून. खरचटली की तिथे रक्त साकळत नाही, म्हणून हाक जात नाही आणि कुणी येतही नाही. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञानं 1743 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे लिहून ठेवलं, की हिप्पोक्रेटसपासून आजवर सगळे जाणकार एकच सांगतात: कूर्चा एकदा नष्ट झाली की परत येत नाही.

हे किती खरं आहे ते 2016 साली कोपनहेगनच्या संशोधकांनी एका विलक्षण मार्गानं दाखवलं. 1955 ते 1963 या काळात उघड्या हवेत इतक्या अणुचाचण्या झाल्या की वातावरणातला कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार, जवळजवळ दुप्पट झाला. तो झाडांत गेला, अन्नात गेला, त्या काळी वाढत असलेल्या प्रत्येक मुलाच्या शरीरात गेला. या संशोधकांनी वेगवेगळ्या वयाच्या माणसांच्या गुडघ्यातल्या कूर्चेचं कोलॅजेन, म्हणजे तिला बळकटी देणारं प्रथिन, तपासलं, तेव्हा त्यातला कार्बन त्या-त्या माणसाच्या लहानपणच्या आणि कोवळ्या तरुणपणच्या हवेशी जुळला. वाढ थांबल्यावर त्यात नवं जवळजवळ काहीच आलेलं नव्हतं. झिजलेल्या, दुखऱ्या गुडघ्यांतही नाही. आमच्या आईच्या गुडघ्यातलं कोलॅजेन म्हणजे तिनं परकर-पोलक्यात असताना गोळा केलेलं. तेच तिनं सत्तरीपर्यंत वापरलं.

हाडाचं असं आणि कूर्चेचं तसं. एकमेकांना चिकटून असलेल्या, गर्भात एकाच प्रकारच्या पेशींपासून घडलेल्या या दोन ऊतींच्या स्वभावातलं अंतर गेली काही वर्षं माझ्या मनातून हललेलं नाही. मूळपेशींविषयी जे बोललं जातं, त्यातलं खरं किती आणि उतावीळपणा किती हे समजून घ्यायला या अंतरापासूनच सुरुवात करावी लागते, असं माझं मत झालं आहे. ते नुसतं पुस्तकं वाचून झालेलं नाही.

2021 च्या एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ कोविडनं अत्यवस्थ झाला. नागपुरात त्या दिवसांत खाटा आणि ऑक्सिजन यांची काय परिस्थिती होती ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. स्टेरॉइडनं तो वाचला. हे मी निःसंदिग्धपणे लिहिते, कारण पुढचं वाचून कुणी स्टेरॉइडला शिव्या देऊ नयेत. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात, हे 2020 साली ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीनं दाखवलं होतं, आणि त्या एका निष्कर्षानं जगभर किती घरं सावरली याची गणतीच नाही.

तो घरी आला, कामाला लागला. पावसाळा संपता संपता त्याच्या जांघेत दुखू लागलं. आधी वाटलं, अशक्तपणा. मग मांडी घालून बसता येईना. महालक्ष्म्यांच्या जेवणाला तो पंगतीत बसला नाही, खुर्ची मागून घेतली, तेव्हा आई माझ्याकडे बघत राहिली. गुडघा दुखतोय असं समजून त्यानं गुडघ्याचे एक्स-रे काढून घेतले होते. खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं, हे तेव्हा कुणी त्याला सांगितलं नाही. शेवटी खुब्याचा एमआरआय झाला आणि कागदावर तीन अक्षरं आली, एव्हीएन. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा रक्ताअभावी मरत होता. दोन्ही बाजूंचा. उजवा सुरुवातीच्या टप्प्यात होता. डावा बसला होता, म्हणजे त्याचा गोल आकार एका अंगानं चेपला गेला होता.

त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या अस्थितज्ज्ञांनी कोविडनंतर असा त्रास सुरू झालेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यांना मिळालेलं स्टेरॉइड एव्हीएनसाठी एरवी धोक्याचं मानलं जाणाऱ्या प्रमाणापेक्षा कमी होतं आणि दुखणंही अपेक्षेपेक्षा लवकर सुरू झालं होतं. खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक. स्टेरॉइडमुळे मज्जेतल्या चरबीच्या पेशी फुगतात, आतला दाब वाढतो, वाहिन्या दबतात. आणि एक गोष्ट मला वाचताना फार लागली. ज्या मूळपेशींनी हाड व्हायचं, त्याच स्टेरॉइडच्या प्रभावाखाली चरबीच्या पेशी होऊ लागतात. म्हणजे घाव होतो तिथली दुरुस्तीची माणसंही त्याच वेळी दुसऱ्या कामाला लागलेली असतात.

या पेशी पहिल्यांदा ज्यानं वेगळ्या करून दाखवल्या, त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. अलेक्झांडर फ्रिडेनस्टाइन. मॉस्कोच्या गमालेया संस्थेत काम करायचा. (स्पुटनिक लस याच संस्थेची, म्हणून 2021 मध्ये हे नाव आपल्या वर्तमानपत्रांत आलं.) साठच्या दशकात त्यानं प्राण्याच्या हाडातली मज्जा काढून शरीरात दुसरीकडे, जिथे हाडाचा काही संबंध नाही अशा जागी ठेवली, तर तिथे हाड तयार झालं आणि त्या हाडाच्या पोटात पुन्हा मज्जा. म्हणजे मज्जेतच हाड घडवणारं कुणीतरी होतं. ते शोधण्याची त्याची रीत इतकी साधी की विद्यार्थ्यांना सांगताना मला आनंद होतो. मज्जेतल्या पेशी काचेच्या बशीत घालायच्या, थोडा वेळ ठेवायच्या आणि धुऊन टाकायच्या. रक्ताच्या पेशी तरंगत असतात, त्या वाहून जातात. काचेला चिकटून अगदी थोड्या उरतात. आठवडा-दीड आठवड्यानं बघावं तर प्रत्येक चिकटलेल्या पेशीभोवती तिच्या वंशजांची एक वसाहत वाढलेली असते. वसाहती मोजा, म्हणजे मूळ मज्जेत अशा पेशी किती होत्या ते कळतं. 1970 साली त्यानं गिनीपिगच्या पेशींवरचं हे काम प्रसिद्ध केलं. मज्जेच्या लाखभर पेशींत अशा पेशी एक-दोन, फार तर आठ-दहा.

प्रश्न मोजणीचा आहे, हे ज्यानं ओळखलं आणि मग आयुष्यभर मोजत राहिला, त्या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. फिलिप एर्निगू, पॅरिसला लागून असलेल्या क्रेतेच्या आंरी मोंदोर रुग्णालयातले अस्थिशल्यविशारद. त्यांनी केलेली गोष्ट ऐकायला किरकोळ वाटेल. रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून मज्जा ओढायची, यंत्रात फिरवून दाट करायची आणि जिथे हाड जुळत नाही तिथे सुईनं सोडायची. 2005 साली त्यांनी नडगीचं हाड न जुळलेल्या 60 रुग्णांचा अहवाल दिला. 53 जणांचं हाड जुळलं. इथवर पुष्कळांनी लिहिलं असतं आणि थांबले असते. एर्निगूंनी प्रत्येकाला दिलेल्या मज्जेतल्या वसाहती फ्रिडेनस्टाइनच्या रीतीनं मोजून ठेवल्या होत्या. सातजणांचं हाड जुळलं नाही, त्या सातजणांना मिळालेल्या पेशी संख्येनं आणि दाटपणानंही कमी निघाल्या. मूळ मज्जेत दर घन सेंटिमीटरला सरासरी 612 अशा पेशी होत्या, दाट केल्यावर अडीच हजारांच्या वर गेल्या. कुणाला किती पोचल्या त्यावर निकाल फिरला. यश मिळालेल्यांपेक्षा न मिळालेल्या सातजणांकडे इतकं बारकाईनं बघणं, हे मला या क्षेत्रातलं सर्वांत सचोटीचं काम वाटतं.

त्याहून मोठं काम खुब्याचं. 1988 ते 1998 या काळात त्यांच्याकडे स्टेरॉइडमुळे दोन्ही खुबे दुखावलेले 125 रुग्ण होते, गोळा अजून बसलेला नाही अशा टप्प्यातले. प्रत्येकाच्या एका खुब्यात नुसतं भोक पाडून आतला दाब कमी केला. दुसऱ्या खुब्यात तेच करून वर दाट केलेली मज्जा सोडली. माणूस तोच, औषधं तीच, चालणं तेच, वजन तेच. तुलनेला याहून चांगला जोडीदार मिळणार कुठून? आणि मग ते थांबले. वर्ष-दोन वर्षं नाही, वीस ते तीस वर्षं. 2018 साली निकाल छापला. मज्जा दिलेल्या बाजूचे 28 टक्के गोळे बसले होते, नुसतं भोक पाडलेल्या बाजूचे 72 टक्के. मज्जेच्या बाजूला 30 खुबे बदलावे लागले, दुसऱ्या बाजूला 95.

हा निबंध मी रात्री जेवणाच्या टेबलावर वाचला. भाऊ समोर लॅपटॉपवर काम करत होता, एक पाय लांब सोडून. मी त्याला आकडे वाचून दाखवले. तो म्हणाला, "ताई, म्हणजे माझ्या दोन खुब्यांतला एकच यात बसतो." त्याला बरोबर कळलं होतं.

कारण दुसरी बाजूही लिहिलेली आहे. ब्रुसेल्समधल्या डॉक्टरांनी 2004 साली अशीच तुलना केली, 18 खुब्यांवर, सुरुवातीच्या टप्प्यातल्या, आणि मज्जेचा फायदा दिसला. त्याच गटातल्या ओझर यांनी पुढे बसलेल्या गोळ्यांवर, म्हणजे तिसऱ्या टप्प्यावर, रुग्ण आणि तपासणारा दोघांनाही काय दिलं ते माहीत नसेल अशी काटेकोर चाचणी घेतली. 2018 साली त्यांनी जाहीर केलं की या टप्प्यावर मज्जेचा काही उपयोग होत नाही. इतर अभ्यासांचा कौलही सगळा एका बाजूचा नाही, पण टप्प्याविषयी फारसं दुमत नाही.

असं का, तर मेलेलं हाड लगेच कोसळत नाही. जिवंत हाडाइतकंच ते काही काळ भार पेलतं. कोसळतं ते दुरुस्ती सुरू झाल्यावर. शरीर आधी मेलेलं खरवडून काढतं आणि मग नवं भरतं, आणि या दोन्हींच्या मधल्या काळात आधार नाहीसा होतो. जुन्या वाड्याची किडलेली तुळई काढली आणि नवी चढेपर्यंत टेकू दिला नाही तर माळा खाली येतो, तसंच. मज्जेतल्या पेशी वेळेत पोचल्या तर नवं भरण्याचा वेग खरवडण्याला गाठू शकतो. गोळा चेपला गेल्यावर पेशी कितीही ओता, त्या हाड घडवतील, पण गोलाई परत आणू शकणार नाहीत. आणि गोलाई गेली की वरची कूर्चा वाकड्या पायावर घासू लागते. ती तर परत येणारी नव्हेच.

भावाचा डावा खुबा बदलला. उजव्यात भोक पाडून मज्जा सोडली. शस्त्रक्रियेआधी मी डॉक्टरांना विचारलं, "पेशी मोजता का?" ते मोकळेपणानं म्हणाले, "मॅडम, मोजायच्या म्हटल्या तर वसाहती वाढायला दहा-बारा दिवस लागतात. रुग्ण टेबलावर आहे तेव्हा तो आकडा कुणाकडेच नसतो. यंत्रातून जे येतं ते देतो. खात्री देत नाही, शक्यता वाढवतो." मला हे उत्तर पटलं. खात्री देत नाही असं डॉक्टर म्हणाला की आपल्याकडे नातेवाईक दचकतात. मला त्या वाक्यानं धीर आला. उजवा गोळा आजपर्यंत गोल आहे. पुढच्या एमआरआयची तारीख जवळ आली की घरात सगळे कमी बोलतात.

आता गुडघ्याकडे येते, कारण महाराष्ट्रात मूळपेशी हा शब्द सर्वांत जास्त ऐकू येतो तो गुडघ्याच्या शिबिरांत. सभागृहात खुर्च्या मांडलेल्या, वयस्क बायका-पुरुष काठ्या टेकत आलेले, पडद्यावर गुडघ्याची दोन चित्रं, आधीचं काळवंडलेलं आणि नंतरचं शुभ्र. पोटाच्या चरबीतून किंवा कमरेच्या हाडातून पेशी काढायच्या, गुडघ्यात सोडायच्या, गादी, म्हणजे कूर्चा, पुन्हा तयार, शस्त्रक्रियेची गरज नाही. आईला अशा एका शिबिराला शेजारच्या मावशींनी नेलं होतं. तिथे सांगितलेली रक्कम तिच्या वर्षाच्या पेन्शनच्या आसपास जात होती. ती घरी येऊन म्हणाली, "तू जीवशास्त्र शिकवतेस ना, मग सांग, घेऊ का?"

मी तिला जे सांगितलं तेच इथे थोडं विस्तारानं लिहिते. 2023 साली अमेरिकेतली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, गुडघ्याच्या संधिवाताचे सुमारे 475 रुग्ण. काहींना स्वतःच्या मज्जेतल्या पेशी दिल्या, काहींना स्वतःच्या चरबीतल्या, काहींना नाळेतून वाढवलेल्या मूळपेशी, आणि काहींना साधं, स्वस्त स्टेरॉइडचं इंजेक्शन. वर्षभरानं पाहिलं तर चारही गटांचं दुखणं कमी झालं होतं, पण पेशींचा एकही गट स्टेरॉइडच्या पुढे गेलेला नव्हता. एमआरआयमध्येही पेशींच्या बाजूनं बोलण्यासारखं काही दिसलं नाही. ज्यांना बरं वाटलं त्यांना खरंच बरं वाटलं, ते खोटं बोलत नाहीत. पण नवी गादी उगवली म्हणून बरं वाटलं, असं म्हणायला आधार नाही.

अर्नोल्ड कॅप्लान यांनी 1991 साली या मज्जेतल्या पेशींना मेसेंकायमल स्टेम सेल हे नाव रूढ करून दिलं. क्लीव्हलंडला त्यांचं सगळं आयुष्य या पेशींत गेलं. त्याच कॅप्लान यांनी 2017 साली जाहीरपणे लिहिलं, की हे नाव आता सोडा. शरीरात सोडलेल्या या पेशी स्वतः कूर्चा बनत नाहीत, त्या आसपास रसायनं सोडतात, दाह कमी करतात, तिथल्या पेशींना कामाला लावतात. नावात स्टेम सेल असल्यामुळे दवाखाने लोकांना भलतंच विकत आहेत, असा त्यांचा रोख होता. आपणच दिलेलं, आपल्याला कीर्ती देणारं नाव मागे घ्यायला निघालेला शास्त्रज्ञ रोज भेटत नाही. 2024 च्या जानेवारीत ते गेले. नाव अजून चालूच आहे.

कूर्चेत काहीच जमलेलं नाही, असं मात्र नाही. स्वीडनमधल्या योतेबोरीला ब्रिटबर्ग, लिंडाल आणि पेटरसन यांनी 1987 पासून एक वेगळी वाट धरली. मूळपेशी नाहीत, रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी. गुडघ्याच्या कमी भाराच्या जागेतून चिमूटभर कूर्चा काढायची, प्रयोगशाळेत तिच्यातल्या पेशी वाढवायच्या आणि खड्ड्यात सोडून वरून आवरण शिवायचं. 1994 साली त्यांनी 23 रुग्णांचे निकाल दिले. मांडीच्या हाडाच्या टोकावर खड्डा असलेल्या 16 पैकी 14 जण चांगले झाले. वाटीच्या मागे खड्डा असलेल्या सातांपैकी फक्त दोघे. हेही त्यांनी झाकलं नाही. ही पद्धत आता जगभर मान्य आहे, आणि आपल्याकडे लोणावळ्याला प्रयोगशाळा असलेल्या रीग्रो कंपनीच्या अशाच उपचाराला 2017 साली केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. पण लक्षात घ्यायचं ते हे, की हा उपाय मुख्यतः तरुण गुडघ्यातल्या एखाद्या खड्ड्याचा आहे, पडून-झडून, खेळताना झालेल्या. आईसारखा अख्खा झिजलेला गुडघा त्यात येत नाही.

बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीनं दात्यांच्या मज्जेतून वाढवलेल्या पेशींचं इंजेक्शन तयार केलं. 146 रुग्णांवरच्या त्यांच्या चाचणीत पेशी नसलेल्या इंजेक्शनच्या तुलनेत दुखणं कमी झालं आणि कूर्चेचा दर्जा टिकून राहिल्याचं दिसलं. 2022 साली त्याला गुडघ्याच्या संधिवातासाठी परवानगी मिळाली. मी ते नाकारत नाही. दर्जा टिकणं आणि कूर्चा नव्यानं उगवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इतकंच. शिबिरातल्या पडद्यावर त्या एक केल्या जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे 2017 चे नियम स्पष्ट आहेत: मान्यता नसलेला मूळपेशींचा उपचार फक्त नोंदवलेल्या चाचणीतच देता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. आईला मी एवढंच म्हटलं, "प्रयोग असेल तर पैसे का, आणि पैसे असतील तर मान्यतेचा कागद कुठे, हे दोन प्रश्न विचार." तिनं फोन करून विचारले. पलीकडून फोन परत आला नाही. तिनं पुढे रोज मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम धरले, आणि नंतर गुडघे बदलून घेतले. आता ती भाजी आणायला स्वतः जाते.

माझी आशा कुठे आहे तेही सांगायला हवं, कारण मी निराश नाही. 2020 साली स्टॅनफर्डमधल्या चॅन आणि लाँगेकर यांच्या गटानं उंदरांच्या सांध्यात एक फार सुंदर गोष्ट करून दाखवली. कूर्चेखालच्या हाडाला बारीक छिद्रं पाडून आतल्या मूळपेशी बाहेर आणण्याची शस्त्रक्रिया जुनीच आहे, पण त्यातून उगवते ती राठ, तंतुमय कूर्चा, टिकाऊ नसलेली. या गटानं त्या जागी दोन रसायनं ठेवली. एक, हाड घडवण्याचा संदेश देणारं प्रथिन. दुसरं, रक्तवाहिन्यांना आत येऊ न देणारं. जुळणाऱ्या हाडात कूर्चेचं हाड होतं ते रक्तवाहिन्या आत शिरल्यावर. तो रस्ता मधेच अडवला, तर पेशी कूर्चेवरच थांबल्या, आणि ती कूर्चा मूळच्यासारखी गुळगुळीत होती. मोडलेलं हाड जुळताना रोज जी पायरी गाठून ओलांडतं, तिथेच त्याला थांबवलं. बाहेरून एकही पेशी आणलेली नव्हती. म्हाताऱ्या उंदरांतही त्या पेशी झोपलेल्या सापडल्या, जागं करता आल्या. वाचून झाल्यावर मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले होते. हंटरच्या वाक्याला पावणेतीनशे वर्षांनी पहिल्यांदा कुणी इतकं नेमकं उत्तर देत होतं. उंदराच्या सांध्यापासून माणसाच्या गुडघ्यापर्यंतचा रस्ता लांब आहे आणि पुष्कळ सुंदर गोष्टी त्या रस्त्यात संपल्या आहेत. तरी दिशा मला खरी वाटते.

जपानमध्ये दुसऱ्या वाटेनं काम चालू आहे. शिन्या यामानाका मुळात अस्थिशल्यचिकित्सा शिकायला आलेले. संधिवातानं सांधे पूर्ण वाकलेल्या रुग्णांसाठी आपल्या हातात काही नाही हे पाहून ते प्रयोगशाळेत गेले, आणि 2006 साली त्यांनी साध्या पेशीला पुन्हा गर्भावस्थेतल्यासारखी करून दाखवलं. त्यांच्याच क्योतोच्या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी अशा पेशींपासून कूर्चेचे गोळे वाढवले, आणि 2020 साली ते माणसाच्या गुडघ्यात बसवून पाहायला परवानगी मिळाली.

पण विदर्भात राहून मी नुसती क्योतो आणि स्टॅनफर्डकडे बघू शकत नाही. एर्निगूंच्या क्रेतेच्या रुग्णालयात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येनं येतात, आफ्रिकेतून आणि कॅरिबियन बेटांवरून फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या घरांतले. विळ्याच्या आकाराच्या झालेल्या रक्तपेशी खुब्यातल्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि विशी-पंचविशीतच गोळा मरतो. हा आजार गडचिरोलीत आहे, चंद्रपुरात, गोंदियात आहे, तिकडे नंदुरबारला आहे. माझ्या वर्गात दरवर्षी सिकलसेलची एक-दोन मुलं असतात. भावाच्या आजारपणानंतर मी त्यांच्या चालण्याकडे लक्ष ठेवू लागले. अस्थिरोग विभागाच्या बाहेर बाकांवर बसलेली याच वयाची मुलं मी पाहिली होती, एक पाय आखूड झालेली, आईच्या खांद्यावर हात ठेवून लंगडणारी. त्यातल्या बहुतेकांचा गोळा पहिल्या भेटीआधीच बसलेला असतो. त्यांच्यासाठी मज्जेतल्या पेशींचा उपाय उरलेला नसतो, आणि विशीत बदललेला खुबा आयुष्यभर पुरत नाही.

2023 च्या जुलैत केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची रक्त तपासणी करायचं तिचं उद्दिष्ट आहे. आशाताई आणि आरोग्यसेवक त्यासाठी पाड्यापाड्यावर जात आहेत. ज्याच्या रक्तात आजार सापडेल त्याला झोपवून, गुडघा आणि खुबा वाकवून, पाय हलकेच आतल्या बाजूला फिरवून बघायला एक मिनिट लागतं, यंत्र लागत नाही. फिरवताना जांघेत कळ आली किंवा पाय फिरलाच नाही, तर एक्स-रे चांगला दिसला तरी त्या मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी एमआरआयला पाठवलं पाहिजे. हे एक मिनिट त्या तपासणीत यावं यासाठी मी आणि भावाचे फिजिओथेरपिस्ट मिळून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांसाठी निवेदन लिहीत आहोत. त्यात एर्निगूंचे दोन आकडे घातले आहेत, 28 आणि 72, आणि खाली एका ओळीत, की हे दोन्ही आकडे गोळा बसण्याआधी आलेल्यांचे आहेत.